घरात वाढवलेली मिरची-टोमॅटोची रोपं नव्या कुंडीत हलवताना: पानं बघायची की मुळं?

हिरवाकोंब

नमस्कार मंडळी,

दिव्याखाली वाढवलेली रोपं ट्रेमधून कुंडीत हलवायची वेळ आली आहे आणि माझा हात धजत नाहीये. कारण मागची खेप.

मागच्या वेळी मिरचीची १८ रोपं छान तरारून आली होती. ट्रेमधून काढून थेट १२ इंची कुंड्यांत लावली. म्हटलं, पुन्हा पुन्हा हलवून त्रास कशाला द्यायचा, एकदाच मोठं घर देऊ. पहिले तीन दिवस सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी पानं लोंबली. मी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी जास्त लोंबली, मी आणखी पाणी घातलं. १८ पैकी ११ रोपं गेली. शेवटी एक उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी झालेली. एक मूळ बोटांत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

या खेपेला मिरचीची १४ आणि टोमॅटोची ६ रोपं आहेत. मिरची पेरून पाच आठवडे झाले, चार-चार खरी पानं आहेत, म्हणजे बीतून निघालेली पहिली दोन बीजदलं सोडून. टोमॅटोला तीन आठवडे झाले, पण ती जरा शेलाटी झाली आहेत, काडीसारखी उंच. एलईडी दिवा रोज १६ तास असतो. ट्रेच्या एका कप्प्यात साधारण ४० मिलि माती मावते, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत अर्धं-अर्धं.

सगळीकडे "चार पानं आली की हलवा" असं वाचते. मागच्या वेळीही चार पानांवरच हलवली होती. मग चुकलं कुठे? यंदा यांच्यातलं एकही रोप गमवायचं नाहीये मला.

अंकुरछंदी

+१. माझीही मिरची याच टप्प्यावर आहे. इथेच बसून वाचतो.

पानोपानी

हिरवाकोंब, आधी एक करा. एखादं रोप कप्प्यातून काढून बघा आणि मुळं कशी दिसतात ते इथे लिहा. पानांवरून काही सांगता येणार नाही. आणि हो, काढायच्या आदल्या संध्याकाळी पाणी द्या, लगेच आधी नको.

तळमाती

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे, ताई. ४० मिलिचा कप्पा आणि १२ इंची कुंडी. अशा कुंडीत साधारण १५ लिटर माती बसते. म्हणजे रोपाला एका रात्रीत पावणेचारशे पट माती मिळाली. ऐकायला ही श्रीमंती वाटते, पण रोपाच्या दृष्टीने ती दलदल आहे.

कुंडीतलं पाणी कुठून कुठून जातं बघा. थोडं तळाच्या भोकातून निथळतं, थोडं वरून वाळतं, आणि उरलेलं सगळं मुळं पितात. कुंडीत मुळांचं जाळं असेल तर घातलेलं पाणी दोन-तीन दिवसांत उचललं जातं आणि त्याच्या जागी मातीत हवा शिरते. पण १५ लिटर मातीच्या मधोमध अंगठ्याएवढा मुळांचा गोळा असेल तर पिणार कोण? वरचा थर सुकलेला दिसतो, आपण पुन्हा पाणी घालतो आणि आतली माती आठवडा-आठवडा ओलीच राहते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो. मुळांनाही प्राणवायू लागतो, हे आपण विसरतो. अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियमसारखे रोगजंतू हल्ला करतात. साल सुटून आत दोरा राहणं ही त्या मूळकुजीची ठळक खूण आहे. तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत.

आणि फसवणूक इथे होते: कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं लोंबतात. तहानेने लोंबलेलं पान आणि कुजीने लोंबलेलं पान दिसायला सारखंच. म्हणून पान बघून पाणी घालायचं नाही, कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तर तहान. जड लागली आणि तरी पानं लोंबली असतील तर झारी खाली ठेवायची. मी नवीन कुंडी भरली की एकदा कोरडी आणि एकदा पाणी निथळल्यावर हातात उचलून बघतो. तेवढ्याने हाताला अंदाज येतो, मग वर्षभर काही मोजावं लागत नाही.

आता कधी हलवायचं. मुळांभोवतीची मातीची हुंडी स्वतःच्या बळावर एकसंध राहते का, एवढाच प्रश्न विचारा. कप्पा खालून अंगठ्याने दाबून रोप वर ढकला. माती भुसभुशीत होऊन गळून पडली तर रोप तयार नाही, पानं सहा असली तरी. हुंडी अख्खी बाहेर आली आणि तिच्या अंगावर पांढऱ्या मुळ्यांची विरळ जाळी दिसली, मधून मधून माती डोकावतेय, तर वेळ अगदी नेमकी. आणि माती दिसेनाशी होऊन मुळंच मुळं गोल गोल फिरत असतील, रंग पिवळट-तपकिरी असेल, तर उशीर झाला. तेव्हाही हलवता येतं, फक्त तळाची गुंडाळी बोटाने जरा मोकळी करून घ्यायची. नाहीतर मुळं नव्या कुंडीतही त्याच गोलाईत फिरत राहतात.

कुंडी एकेक पायरीने वाढवा. ४० मिलिवरून अर्धा लिटर, म्हणजे चार इंची. तिथून दोन-तीन लिटर. मग मिरचीला १० ते १५ लिटर आणि टोमॅटोला त्याहून मोठी. कुंडीचा आकार तोच ठेवून व्यास आणि उंची दुप्पट केली की माती आठपट होते, डोळ्यांना मात्र ती दुप्पटच दिसते. कुंडी निवडताना बहुतेकांची चूक तिथेच होते.

दुपारचं_ऊन

तळमाती काका, सगळं पटलं. एक भर घालतो. तळाला दोन इंच खडी किंवा खापऱ्यांचा थर द्यावा, पाणी साचत नाही. मी कायम देतो.

कुंडीतला_वाफा

ऊन, इथे मी तुमच्याशी सहमत नाही, आणि विषय महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

खडीच्या थराने निचरा सुधारत नाही, उलट ओल वर सरकते. बारीक कणांची माती पाणी घट्ट धरून ठेवते. खाली मोठ्या पोकळ्यांची खडी आली की मातीतलं पाणी त्या मोकळ्या जागेत सहजासहजी उतरत नाही. वरची माती अगदी तुडुंब भिजेपर्यंत ते तिथेच अडकून राहतं. कुठल्याही कुंडीत तळाशी असा एक चिंब पट्टा असतोच. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खडीचा दोन इंची थर दिला की तोच पट्टा दोन इंच वर येतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ.

शब्दावर विश्वास ठेवू नका, करून बघा. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबू द्या. मग न दाबता तो लांबीच्या बाजूने उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणूनच उथळ पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडीत चिंब भागाचं प्रमाण कमी असतं, आणि म्हणूनच रोपासाठी पसरट डबे नकोत.

भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, त्याला काहीच हरकत नाही. निचरा हवा असेल तर परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) किंवा भाताचं तूस मातीतच मिसळा, सगळीकडे सारखं. तळाशी थर करून नव्हे.

दुपारचं_ऊन

स्पंज घेऊन बसलो होतो आत्ताच. आडवा धरून ठिबकणं थांबायला दोन-तीन मिनिटं लागली. उभा केला आणि खरोखर धार लागली. इतकी वर्षं खडी घालत आलो, आणि झाडं जगली म्हणून तेच बरोबर वाटत राहिलं. वाफा, मनापासून आभार. यंदाच्या सगळ्या कुंड्या खडीशिवाय भरतो.

अंकुरछंदी

माझा एक प्रश्न. मी दिवा २४ तास चालू ठेवतो, जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ असं वाटलं. मिरची बरी आहे, पण टोमॅटोच्या पानांवर पिवळे डाग येताहेत, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका. खत कमी पडतंय का? हलवताना खतं घालू का?

पानोपानी

अंकुरछंदी, खताला हात लावू नका. आधी दिवा रात्री बंद करा. टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, पानं अशीच पिवळी पडतात. १४ ते १६ तास पुरे, बाकी अंधार. झालेले डाग जाणार नाहीत, नवीन पान कसं येतं ते बघा. रोप आधीच असं त्रासलेलं असताना कुंडी बदलू नका, नवीन हिरवं पान येऊ द्या.

पानोपानी

हिरवाकोंब, तुमच्या शेलाट्या टोमॅटोबद्दल लिहायचं राहिलं. त्यांची काळजी करू नका, टोमॅटोसारखं क्षमाशील रोप नाही. त्याच्या खोडाला जिथे ओली माती लागते तिथे मुळं फुटतात. खोडाच्या खालच्या भागात बोट फिरवून बघा, कधी कधी बारीक पांढरट पुटकुळ्या हाताला लागतात. तीच होऊ घातलेली मुळं. त्यामुळे टोमॅटो खोल लावायचा, खरी पानं मातीच्या वर राहतील एवढा. खालची बीजदलं आदल्या दिवशीच खुडून टाका, म्हणजे जखम सुकते. फारच उंच असेल तर खड्ड्यात तिरका निजवा, शेंडा दोन दिवसांत आपोआप सरळ होतो. फक्त कलमी रोप असेल तर कलमाचा सांधा मातीच्या वरच राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या वाणालाच मुळं फुटतात आणि कलमाचा उपयोग उरत नाही.

मिरचीला हे लागू नाही. तिच्या खोडाला इतकी सहज मुळं फुटत नाहीत. ट्रेमध्ये होती त्याच पातळीला लावा, फार तर बीजदलांच्या जरा खालपर्यंत. काकडी, दोडका, भोपळा यांना तर मुळांना धक्का लागलेलाच आवडत नाही. ती शक्यतो थेट शेवटच्या कुंडीतच पेरावीत.

आणि रोप धरायचं पानाने, खोडाने कधीच नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, खोड एकच असतं. कोवळं खोड चिमटीत दाबलं गेलं की आतल्या नळ्या चिरडतात. तेव्हा काही दिसत नाही, दोन दिवसांनी रोप मान टाकतं आणि आपण दोष मातीला देतो.

रोपं शेलाटी होऊ नयेत म्हणून दिवसातून दोनदा शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवा, किंवा छोटा पंखा मंद लावा. स्पर्शाने खोड बुटकं आणि जाड होतं. जाफे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या परिणामाला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. नाव लांबलचक आहे, पण काम अगदी हाताच्या तळव्याचं. मला तर सकाळी सकाळी टोमॅटोच्या रोपांवरून हात फिरवल्यावर बोटांना येणारा तो हिरवा वास फार आवडतो.

रानवाट

एक सावधगिरी. ज्यांनी फुगणाऱ्या कोकोच्या गोळ्यांत बी लावलंय, ज्यांच्याभोवती बारीक जाळी असते, त्यांनी हलवताना ती जाळी कात्रीने कापून काढा. मला विकताना सांगितलं होतं की जाळी मातीत विरघळते. हंगाम संपल्यावर खुंटलेलं एक झाड उपटलं, तर जाळी जशीच्या तशी. मुळं तिच्या छिद्रांतून बाहेर पडून करकचून आवळली गेली होती, प्रत्येक छिद्रापाशी गाठ. ते झाड अख्खा हंगाम त्या मुठीत राहिलं होतं.

कागदाच्या पेल्यातून थेट लावणाऱ्यांसाठीही एक. पेल्याची कड मातीच्या वर राहू देऊ नका. ती वातीसारखी ओल शोषून हवेत सोडते आणि आतली हुंडी कोरडी पडते. वरची कड फाडून टाका, तळही फाडला तर उत्तम.

हिरवाकोंब

सगळ्यांचे किती आभार मानू! काल संध्याकाळी पाणी दिलं, आज सकाळी ट्रे घेऊन बसले.

पहिल्याच मिरचीने धडा शिकवला. कप्पा दाबला, रोप वर आलं आणि अर्धी माती भसकन खाली. मुळ्या जेमतेम चार, बारीक. पानं मात्र चार, टवटवीत. म्हणजे मागच्या वेळी मी अशीच कच्ची रोपं १५ लिटर मातीत सोडली होती. तिला अलगद परत ठेवलं, माती घातली, दोन चमचे पाणी दिलं. दुसरं रोप मात्र अख्खी हुंडी घेऊन बाहेर आलं, अंगावर पांढऱ्या मुळ्यांची नक्षी. अगदी तळमाती काकांनी लिहिलं तशी, मधून मधून माती दिसणारी. त्या मुळ्यांना लोकरीसारखी बारीक लव होती, जवळ धरल्यावरच दिसली.

आता एक विचारते. हलवण्याआधी नव्या कुंडीतली माती किती ओली असावी? आणि दाबायची किती?

तळमाती

ती लव म्हणजे मूलरोम, पाणी शोषायचं मुख्य काम त्यांचंच. हुंडी फुटली की तेच तुटतात. म्हणून एवढा जपून हलवायचा खटाटोप.

माती वाफशावर असावी. मूठभर घेऊन दाबा, लाडू झाला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून पाणी यायला नको, आणि बोटाने टोकरलं की लाडू फुटला पाहिजे. कोरडं कोकोपीट भरून वरून पाणी ओतू नका. ते कडांनी घळाघळा खाली जातं, कुंडीतून पाणी वाहतं आणि आतला गाभा कोरडाच राहतो. आधीच घमेल्यात भिजवून, चाळवून घ्या.

तयारीचा एक सोपा प्रकार सांगतो. नव्या कुंडीत थोडी माती घालून तिच्यात रिकामा जुना पेला किंवा ट्रेच्या कप्प्याएवढं काहीही ठेवा, भोवती माती भरा, मग तो पेला उचला. हुंडीच्या मापाचा खळगा तयार. रोप त्यात सोडलं की बसलं. भोवतीची माती अंगठ्याने दाबायची नाही, कुंडी टेबलावर दोनदा आपटायची आणि पाणी द्यायचं. पाणीच माती बसवतं. दाबून दाबून घट्ट केलेल्या मातीत हवा राहत नाही, पांढरी मुळी चालत नाही.

पाणी पहिल्यांदा भरपूर, तळातून निथळेपर्यंत, म्हणजे जुनी हुंडी आणि नवी माती एकमेकींना चिकटतात. त्यानंतर मात्र कुंडी हलकी होईपर्यंत थांबायचं. ताटलीत निथळलेलं पाणी ओतून द्यायचं.

दिवा दोन दिवस वीतभर वर घ्या. मुळं जागेवर नसताना पानांतून जास्त पाणी उडायला नको. संध्याकाळी हलवलंत तर रात्रभराचा विसावा आपसूक मिळतो.

अंकुरछंदी

आणि खत?

कुंडीतला_वाफा

मातीत गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत असेल तर आठ-दहा दिवस काही नको. तुटलेल्या मुळ्यांना क्षार झोंबतात. नुसतं कोकोपीट असेल तर गोष्ट वेगळी, त्यात अन्न जवळजवळ नसतंच. तिथे आठवड्याने पाव मात्रेचं पातळ खत सुरू करावं. कोकोपीटची वीट न धुता वापरली असेल तर तिच्यातल्या क्षारांनी, आणि ती कॅल्शियम धरून ठेवते त्यानेही, नवीन पानं चुरगळतात, तेव्हा दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या.

ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची आळवणी करायची असेल, म्हणजे ती पाण्यातून मुळाशी ओतायची असेल, तर हलवतानाच करा, ती रोगाआधीची राखण आहे. मर लागल्यावर उपयोग नाही. मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडी करणाऱ्या बुरशीची, पूड असेल तर ती मातीत वर भुरभुरून वाया घालवू नका, खळग्यात टाकून हुंडीला थेट लागू द्या. मिरची-टोमॅटोशी तिचं जमतं. कोबी, फ्लॉवर, मोहरी यांच्या मुळांशी ती बुरशी जोडीच करत नाही, त्यांना घालू नका.

रानवाट

कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं उडू लागली तर ओल जास्त होतेय असं समजा. चिलटं स्वतः काही करत नाहीत, त्यांच्या अळ्या मातीत राहून कोवळ्या मुळ्या कुरतडतात. वरचा बोटभर थर सुकू द्या, पिवळे चिकट सापळे लावा. खूप झाली तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू पाण्यातून द्या, तो अळ्यांनाच मारतो.

हिरवाकोंब

झालं! मिरचीची ९ आणि टोमॅटोची सगळी ६ रोपं चार इंची कुंड्यांत गेली. मिरचीची ५ अजून ट्रेमध्येच आहेत, त्यांची हुंडी धरली नाही.

एक अपघात झाला आणि मन खट्टू झालंय. शेवटचा टोमॅटो निसटताना मी घाबरून खोड चिमटीत पकडलं. पानोपानी ताई, तुम्ही बजावून सांगितलं होतं तरी. खोडावर एक पाणीदार गडद पट्टा उमटला आहे आणि शेंडा आत्ताच कलायला लागलाय. काही करता येईल का?

पानोपानी

येईल, लगेच करा. चिरडलेल्या जागेच्या वर स्वच्छ ब्लेडने काप घ्या. खालची पानं काढा, वर दोन पानं ठेवा. ओल्या कोकोपीटमध्ये दोन बोटं खोल खोचा आणि वर पारदर्शक डबा पालथा घाला, म्हणजे पानं सुकणार नाहीत. डबा दिवसातून एकदा मिनिटभर उचलून हवा द्या. दिव्यापासून जरा लांब ठेवा. पहिले दोन दिवस मलूल दिसेल, खचू नका. टोमॅटोची फांदी आठ-दहा दिवसांत मूळ धरते. मन खट्टू करून घेऊ नका, निसटणारी वस्तू धरायला हात आपोआप जातो. पुढच्या वेळी कुंडी टेबलावर ठेवूनच रोप सोडा, उंचावरून नको.

हिरवाकोंब

*चार दिवसांनी*

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन मिरच्यांची पानं जराशी लोंबली होती. मागच्या वेळची मी असते तर झारी घेऊन धावले असते. या वेळी कुंडी उचलली. जड होती. दिवा आणखी थोडा वर घेतला आणि गप्प बसले. त्या दुपारी किती वेळा खोलीत डोकावले असेन! संध्याकाळी पानं पुन्हा आडवी झाली होती, पाण्याचा एक थेंबही न घालता.

टोमॅटोच्या दोन रोपांच्या पानांखालची बाजू मात्र जांभळट दिसतेय. हे काय असावं?

तळमाती

कुंड्या गार फरशीवर आहेत का? मुळांना गारठा लागला की टोमॅटोला मातीतला फॉस्फरस उचलता येत नाही आणि पानाची खालची बाजू जांभळी होते. मातीत फॉस्फरस असतो, फक्त उचलला जात नाही, म्हणून खत घालू नका. कुंड्यांखाली लाकडी फळी किंवा थर्माकोल ठेवा.

ती लोंबलेली मिरची बघून तुम्ही थांबलात, हे वाचून फार बरं वाटलं.

दुपारचं_ऊन

माझ्याही आठ कुंड्या झाल्या, खडीशिवाय. गेल्या खेपेच्या दोन खडीवाल्या कुंड्या मुद्दाम रिकाम्या करून बघितल्या. खडीच्या बरोबर वर तीन बोटं माती चिखलासारखी काळी आणि आंबूस वासाची होती. मुळं तिथपर्यंत येऊन थांबलेली, खडीत एकही उतरलं नव्हतं.

हिरवाकोंब

*दहाव्या दिवशी*

फरशीच होती, काका. फळी ठेवल्यापासून आलेली नवीन पानं दोन्ही बाजूंनी हिरवी आहेत.

नऊच्या नऊ मिरच्या उभ्या आहेत आणि शेंड्याला नवीन पानांची जोडी उघडतेय. एका कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढऱ्या मुळीचं टोक बाहेर डोकावतंय, तांदळाच्या कणीएवढं. कापून खोचलेला टोमॅटो हलकेच ओढून पाहिला, तर तो मातीला धरून होता, सुटून आला नाही. डबा आज काढला.

ट्रेमध्ये ठेवलेल्या पाचांपैकी तिघांची हुंडी आज अख्खी निघाली, ती हलवली. उरलेल्या दोघांपैकी एक ते पहिल्या दिवशी माती सांडलेलं रोप आहे. त्याला आता पाचवं पान आलंय, पण दाबून पाहिलं तर कडेची माती अजून सुटतेय. परत ठेवलं. रविवारी पुन्हा बघेन.